आपटा की कांचन? झाड ओळखण्यापासून रोप लावण्यापर्यंत, क्रमाने

दसरा जवळ आला की शिलंगणाचे सोने म्हणून बाजारात येणाऱ्या जुड्यांत कांचनाच्या फांद्या मिसळलेल्या दिसतात. ही चूक एका दिवसापुरती राहिली असती तर चालले असते. पण त्याच झाडाच्या शेंगा पुढे कोणीतरी ‘आपट्याचे बी’ म्हणून गोळा करतो, पिशव्या भरतो, आणि चार वर्षांनी बांधावर गुलाबी फुले आली की कळते. याची उलटी फसवणूकही होते. बी खरोखर आपट्याचे असते, पण ते कांचनासारखे नुसते भिजवून पेरले जाते. मग महिनाभर काहीच उगवत नाही आणि बी खराब होते असे समजून पिशव्या रिकाम्या केल्या जातात.

दोन्ही झाडे शेंगाकुळातली आणि एकाच प्रजातीतली, बौहिनिया. दोघांचेही पान बैलाच्या खुरासारखे मधोमध चिरलेले. तरीही पान, फुलाचा हंगाम, शेंग, बियांची साल आणि जागेची गरज या प्रत्येक बाबतीत ती वेगळी आहेत. म्हणून आधी ओळख पक्की करावी आणि मगच बियांना हात लावावा. हा क्रम मोडला की पुढची सगळी मेहनत चुकीच्या झाडावर खर्च होते.

या लेखात आपटा म्हणजे बौहिनिया रेसिमोसा. कांचन म्हणजे प्रामुख्याने दोन जाती: शरद ऋतूत फुलणारी बौहिनिया परप्युरिया आणि पानगळीनंतर, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये फुलणारी बौहिनिया व्हेरिगाटा. रक्तकांचन, देवकांचन, कोविदार ही नावे गावागावात अदलाबदलीने वापरली जातात, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबून बी किंवा रोप घेऊ नका.

## १. नमुना कुठून घ्यायचा

बहुतेकांची चूक इथेच होते. झाडाच्या बुंध्यातून फुटलेल्या जोमदार धुमाऱ्यावरचे पान घेतले तर आपट्याचे पानही नेहमीपेक्षा बरेच मोठे दिसते. कांचनाच्या शेंड्याची कोवळी पाने लहान असतात आणि ती आपट्यासारखी वाटतात.

बाजूच्या पसरट फांदीच्या मधल्या भागातली, पूर्ण वाढलेली पाच-सहा पाने घ्या. ती वेगवेगळ्या फांद्यांवरची असावीत. शेंडा, धुमारा आणि दाट सावलीतली पाने टाळा. एका पानावरून निर्णय घेऊ नका.

## २. पान: लांबी-रुंदी, जाडी, पाठ, शिरा

पान सपाट ठेवून पट्टीने मोजा.

आपट्याचे पान लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते. लांबी साधारण २.५ ते ५ सेंमी. दोन्ही पाळ्या गोलसर. पान जाड, चामड्यासारखे, दुमडले तर ताठपणा जाणवतो. पाठ राखाडी-फिकट असते आणि तिच्यावर बारीक लव असते. ती डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर समजते.

कांचनाचे पान मोठे असते, बहुधा ७ सेंमीच्या पुढे. लांबी रुंदीइतकी किंवा थोडी जास्त. पान पातळ आणि पाठीकडूनही हिरवे. परप्युरियाच्या पाळ्या अंमळ निमुळत्या, तर व्हेरिगाटाच्या जास्त गोल.

पान उजेडासमोर धरून देठापासून निघणाऱ्या मुख्य शिरा मोजा. आपट्यात ७ ते ९, परप्युरियात ९ ते ११, व्हेरिगाटात त्याहून जास्तही असतात. ९ हा आकडा दोन्हीकडे येतो, म्हणून शिरांची मोजणी फक्त जोडपुरावा म्हणून वापरा.

सावधान: ‘चीर खोल असेल तर कांचन, उथळ असेल तर आपटा’ हा नियम खूप जण सांगतात, पण तो विश्वासाचा नाही. चिरेची खोली एकाच झाडावर पानागणिक बदलते, आणि व्हेरिगाटाची चीर अनेकदा आपट्याइतकीच उथळ असते.

तपासणी: पान लांबीपेक्षा रुंद आहे, जाड आहे आणि पाठ राखाडी लवदार आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर आपटा असण्याची शक्यता मोठी. एक जरी जुळली नाही तर पुढचा टप्पा होईपर्यंत थांबा.

## ३. फूल, शेंग आणि साल

पानावरून संशय राहिला तर फूल आणि शेंग बघितल्याशिवाय बी घेऊ नये.

फूल. आपट्याची फुले लहान, पिवळसर पांढरी, अरुंद पाकळ्यांची. ती तुऱ्यांत येतात आणि उन्हाळ्यात फुलतात. कांचनाची फुले मोठी आणि दुरून उठून दिसणारी, गुलाबी-जांभळी किंवा पांढरी. परप्युरिया सप्टेंबर ते डिसेंबर या काळात फुलते, म्हणजे नेमकी दसऱ्याच्या आगेमागे. त्यामुळे दसऱ्याच्या दिवसांत झाडावर मोठी गुलाबी फुले असतील तर ते झाड आपटा नाही. आपट्यावर त्या वेळी फुले नसतात. असल्याच तर हिरव्या शेंगा लोंबत असतात.

फूल हाती आले असेल तर पुंकेसर मोजा. आपट्यात १० कार्यक्षम पुंकेसर, परप्युरियात बहुधा ३, व्हेरिगाटात ५. शिरांच्या मोजणीपेक्षा ही खूण कितीतरी भरवशाची आहे.

शेंग. आपट्याची शेंग जाड, फुगीर, कोयत्यासारखी वाकडी, साधारण १२ ते २५ सेंमी लांब. पिकल्यावर गडद तपकिरी ते काळपट होते आणि आपोआप फुटत नाही. थंडीत पिकून ती बरेच दिवस झाडावर राहते. कांचनाची शेंग चपटी आणि पातळ पट्टीसारखी. वाळली की तड् आवाज करून फुटते, दोन्ही अर्ध्या पिळवटतात आणि बी दूर उडते. झाडाखाली पिळवटलेल्या पट्ट्या पडलेल्या असतील तर ते कांचनच.

साल आणि ठेवण. आपटा हा वाकड्यातिकड्या खोडाचा, खाली झुकणाऱ्या फांद्यांचा लहान वृक्ष. साल खडबडीत, काळपट, उभ्या भेगांची. कांचनाची साल त्यामानाने गुळगुळीत आणि करडी. जुन्या झाडांत हा फरक स्पष्ट असतो, कोवळ्या झाडांत मुळीच नाही.

## ४. आणखी दोन घोटाळे

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पानझडी रानात आपट्याचे आणखी एक भावंड भेटू शकते, बौहिनिया मलबारिका. त्याचीही शेंग आपोआप फुटत नाही, म्हणून शेंगेवरून चकायला होते. पान आपट्यापेक्षा मोठे, पाठीवर लव जवळपास नसते आणि कोवळे पान चावले तर आंबट लागते. ओळख शंभर टक्के पटली असेल तरच चावून बघा. अनोळखी झाडाचे पान तोंडात घालू नका.

दुसरा घोटाळा रोपवाटिकेतला. कन्नड बोलणाऱ्या रोपवाटिकेत ‘दसऱ्याच्या पानांचे झाड द्या’ असे सांगितले तर बन्नीचे रोप मिळेल. बन्नी म्हणजे शमी: बारीक पिसासारखी पाने, अंगावर काटे. तीही शेंगाकुळातलीच आणि दसऱ्याला तिचाही मान आहे, पण ती आपटा नव्हे. ‘बसवनपाद’ हे नाव सांगूनही भागत नाही, कारण ते आपटा आणि कांचन दोघांनाही लावतात. मोबाईलमध्ये आपट्याच्या पानाचा आणि काळ्या वाकड्या शेंगेचा फोटो घेऊन जा, आणि रोपवाल्याने बी कोणत्या झाडाचे घेतले ते विचारा.

तपासणी: एक-दीड वर्षाच्या रोपावर फूल किंवा शेंग नसते. तेव्हा जुनी, कडक झालेली पाने बघूनच निवड करा. शेंड्याचे लुसलुशीत पान दाखवून कोणी खात्री देत असेल तर ती घेऊ नका.

## ५. शेंगा कधी आणि कशा गोळा करायच्या

आपट्याच्या शेंगा डिसेंबर ते फेब्रुवारीत, पूर्ण काळपट झाल्यावर झाडावरूनच काढा. खाली पडून राहिलेल्या शेंगा घेऊ नका. आपट्याच्या बियांत भुंग्याची अळी फार लवकर शिरते, आणि शेंग जितकी जास्त दिवस राहील तितके कामाचे बी कमी होते. पाच-सहा वेगवेगळ्या झाडांवरून थोड्या थोड्या शेंगा घ्या. एकाच झाडाचे बी घेतले तर त्या झाडाचे दोष सगळ्या रोपांत उतरतात.

कांचनाचे वेळापत्रक वेगळे. परप्युरियाच्या शेंगा साधारण जानेवारी ते मार्च, व्हेरिगाटाच्या मे-जून. हिरवट तपकिरी झाल्या की लगेच काढा. पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर हाती रिकाम्या सालीच लागतील. काढलेल्या शेंगा पत्र्यावर किंवा ताडपत्रीवर पसरून वरून जुनी साडी किंवा शेडनेट घाला, नाहीतर फुटताना बी अंगणभर उडते.

सावधान: बागेत लावलेल्या, फार मोठ्या गडद किरमिजी फुलांच्या एका कांचनाला शेंगाच धरत नाहीत. ती बौहिनिया ब्लेकियाना, वांझ संकरित जात. तिची वाढ गुटी किंवा कलमानेच होते. शेंगांची वाट बघू नका.

भीमगड अभयारण्यातून किंवा राखीव वनातून शेंगा, पाने, फांद्या आणू नयेत. परवानगीशिवाय ते बेकायदा आहे. गावच्या शिवारात, बांधावर, देवळाजवळ झाडे असतात, तिथल्या मालकाला विचारून घ्या.

## ६. बी काढणे आणि निवडणे

आपट्याची शेंग हाताने सोलत नाही. दोन दिवस कडक उन्हात वाळवून पोत्यात भरा आणि लाकडी मोगरीने हलकेच ठोका. दगड किंवा हातोडी नको, बी फुटते. मग सूप घेऊन पाखडा.

बी निवडताना आधी गोल भोक पडलेले बाजूला करा. उरलेले पाण्यात टाका, पाच मिनिटे हलवा. तरंगणारे फेकून द्या, बुडालेले ठेवा. आपट्याच्या बियांत हा टप्पा गाळला तर अर्ध्या पिशव्या रिकाम्या जाऊ शकतात. कांचनाचे बी मोठे, चपटे आणि बहुतेक निरोगी असते, तिथे डोळ्यांनी निवडले तरी पुरते.

लगेच पेरायचे नसेल तर तीन-चार दिवस सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपट्याचे कडक सालीचे बी कोरडे राहिले तर टिकते. कांचनाच्या बियांची उगवण साठवणीत कमी होत जाते, ते त्याच वर्षी पेरलेले बरे.

## ७. बीजप्रक्रिया

या टप्प्यावर दोन झाडांना एकच उपाय केला तर एकाचे तरी नुकसान ठरलेलेच. आपट्याच्या बियांची साल पाणी आत जाऊ देत नाही. कांचनाच्या बियांची साल पातळ असते. म्हणून कांचनाला गरम पाणी दिले तर बी शिजते, आणि आपट्याला नुसते थंड पाणी दिले तर बी दगडासारखे तसेच राहते.

आपट्यासाठी, गरम पाण्याची पद्धत

बी जितके, त्याच्या दहापट पाणी मापून घ्या. पाणी उकळा, भांडे खाली उतरवा, गॅस बंद करा. दीड-दोन मिनिटे थांबा. मग बी त्यात घाला आणि झाकून ठेवा. पाणी आपोआप निवू द्या, बी २४ तास त्यातच राहू द्या. उकळत्या पाण्यात बी टाकून आच चालू ठेवली तर अंकुर मरतो. ही चूक वारंवार होते.

दुसऱ्या दिवशी बी हातात घेऊन बघा. ज्यात पाणी गेले ते फुगून दुपटीच्या आसपास झालेले असते, नख लावले तर मऊ लागते. जे पहिल्याइतकेच कडक आहे ते वेगळे काढून पुन्हा एकदा हीच प्रक्रिया करा, किंवा त्याला पुढची पद्धत लावा.

आपट्यासाठी, घासण्याची पद्धत

बी शंभराच्या आत असेल तर हीच जास्त चांगली. प्रत्येक बी पॉलिशपेपरवर कडेच्या एका बाजूला घासा, आतला फिकट भाग किंचित दिसेपर्यंत. ज्या टोकाने बी शेंगेला चिकटलेले असते त्या बाजूला घासू नका, अंकुर तिथूनच निघतो. मग साध्या पाण्यात १२ ते २४ तास भिजवा.

तीव्र आम्लात बी बुडवण्याची पद्धत रोपवाटिकांत वापरतात. ती घरी करू नका.

कांचनासाठी

साध्या पाण्यात रात्रभर भिजवले की पुरे. ताजे बी असेल तर तेवढीही गरज नसते.

तपासणी: पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. कांचनाला साधारण आठवडाभर, आपट्याला दोन ते तीन आठवडे द्या. दहापैकी पाचही फुटल्या नाहीत तर प्रक्रिया बदला किंवा एका पिशवीत दोनऐवजी तीन बिया टाका.

## ८. पिशवी भरणे आणि पेरणी

दोन्ही झाडांचे सोटमूळ लवकर खोल जाते. वाफ्यात रोपे करून उपटून लावली तर ते तुटते आणि रोप रुसते. थेट पिशवीतच पेरा.

कांचनाला ६ × ९ इंच पिशवी चालते, कारण रोप काही महिन्यांतच लावणीला येते. आपट्याची वाढ हळू. त्याला निदान एक पावसाळा पिशवीत काढायचा असतो, म्हणून ८ × १२ इंचाची खोल पिशवी घ्या.

मिश्रण: दोन घमेली तांबडी माती, एक घमेले वाळू, एक घमेले चाळलेले कुजलेले शेणखत. निपाणी-चिकोडीकडची काळी माती वापरायची तर वाळू दुप्पट करा, नाहीतर पिशवीत पाणी साचून रोपाची मान कुजते. ताजे शेण अजिबात नको.

बी एक सेंटिमीटर खोल, एका पिशवीत दोन. उगवल्यावर कमजोर रोप उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा. उपटताना शेजारच्याचे मूळ हलते. सुरुवातीचा महिना शेडनेटखाली आणि नंतर हळूहळू उन्हात.

सावधान: पिशव्यांवर पेरणीच्या दिवशीच नाव घाला. दोन्ही रोपांची पहिली पाने चिरलेलीच असतात आणि लहानपणी त्यांचा फरक सांगता येत नाही.

सावधान: शेंगाकुळातले झाड म्हणजे मुळावर गाठी येणार आणि हवेतले नत्र मिळणार, हा समज इथे चुकीचा ठरतो. बौहिनियाच्या मुळांवर अशा गाठी सहसा येत नाहीत. म्हणून रायझोबियमचे (मुळांवर अशा गाठी करणाऱ्या जिवाणूंचे) पाकीट विकत घेण्यात अर्थ नाही, आणि खत न घालता सोडून देणेही योग्य नाही. डाळींच्या पिकांचा नियम या झाडांना लावू नका.

दर महिन्याला पिशव्या उचलून जागा बदला. खालून बाहेर आलेले मूळ जमिनीत घुसले की लावणीच्या दिवशी ते तुटते.

## ९. जागा आणि लावणी

कोणते झाड कुठे, हे लावणीआधी ठरवा. आपटा माळरान, मुरमाड बांध, अथणी-रायबागकडचे कमी पावसाचे शिवार यांना मानवतो. उंची मर्यादित, वाढ हळू आणि पाला गुरे-शेळ्या खातात. कांचन घरापुढे, शाळेत, रस्त्याकडेला चांगला. भरभर वाढतो आणि तीन-चार वर्षांत फुलू लागतो. पण लांब वाढलेल्या फांद्या वाऱ्यात मोडतात, म्हणून विजेच्या तारांखाली किंवा घराच्या पत्र्यालगत नको.

खड्डे वैशाखात, वळवाच्या आधी खणा: दीड फूट लांब, रुंद, खोल. ऊन खाऊ द्या. भरताना वरची माती, पाच ते सहा किलो शेणखत आणि तांबड्या मातीत वाळवी असेल तर पाव किलो निंबोळी पेंड. अंतर आपट्याला चार ते पाच मीटर, कांचनाला पाच ते सहा.

पश्चिमेकडच्या जोरदार पावसाच्या पट्ट्यात रोप जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच मातीच्या ढिगावर लावा. काळ्या रानातही तसेच. अथणीच्या बाजूला उलट करा: रोपाभोवती आळे करा, म्हणजे थोडे पाणीही मुरते.

मृगाचा पाऊस चांगला बसून जमीन एक वीत ओली झाली की लावा. पिशवी ब्लेडने उभी कापा, मातीचा गोळा न मोडता रोप ठेवा, पिशवीतली पातळी आणि जमिनीची पातळी एक ठेवा. खोड मातीत गाडले गेले तर साल कुजते.

तपासणी: लावल्यावर रोप दोन बोटांनी हलके ओढा. वर येत असेल तर माती नीट दाबली गेलेली नाही.

## १०. पहिली वर्षे आणि दसऱ्याची पाने

पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एकदा, झाडाला एक घागर पाणी पुरे. रोज शिंतोडे मारून मुळे वर आणण्यापेक्षा हे बरे. शेळ्यांपासून काटेरी कुंपण हवेच. शेंडा एकदा खाल्ला गेला तर आपट्याचे रोप खुरटते आणि सावरायला वर्ष जाते. बुंध्याभोवती पालापाचोळा घाला, पण खोडाला टेकवू नका.

कांचनाची छाटणी फुलोरा संपल्यावर करा. परप्युरियाची थंडीअखेर, व्हेरिगाटाची उन्हाळ्यात. पावसाच्या तोंडावर छाटली तर जखमेत पाणी शिरते आणि पुढच्या हंगामाची फुलेही जातात. आपट्याची छाटणी फारशी करू नये. झुकणाऱ्या फांद्या हे त्याचे रूप आहे, फक्त जमिनीला टेकलेल्या कापा.

आपट्याची पाने दसऱ्याला घ्यायची असतील तर पहिली पाच वर्षे झाडाला हात लावू नका. त्यानंतरही फांद्या ओरबाडून नव्हे, सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) बोटभर जाडीच्या आतल्या डहाळ्या कापा. कापणी झाडाच्या एकाच बाजूची नको, सगळ्या बाजूंनी थोडी थोडी, एकूण पाल्याच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नाही. शेंगा असलेल्या डहाळ्या सोडा, पुढचे बी त्यांतच आहे. साल सोलून फांदी लोंबकळत राहिली असेल तर ती लगेच खोडालगत स्वच्छ कापून टाका, कारण त्या भेगेतून कीड आत जाते. डहाळ्या आदल्या संध्याकाळी कापून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताज्या राहतात, त्यामुळे आयत्या वेळी घाईत झाड मोडायची वेळ येत नाही.